मिटलेल्या डोळ्यांचा फ्लेक्स

बुधवारी सकाळी सुशीलाबाईंनी दूध घ्यायला फाटक उघडलं आणि त्यांना त्या स्वतःच मेलेल्या दिसल्या.

फाटकाला चार बाय तीनचा फ्लेक्स तारेनं करकचून बांधला होता. वर ठळक हिंदी अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजलि’. मधोमध झेंडूचा हार घातलेला त्यांचाच चेहरा, डोळे मिटलेले. चौथीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेल्या सुशीलाबाईंनी बोट ठेवून खालची ओळ वाचली. ‘स्व. सुशीलाबाई यशवंतराव पिंपळापुरे. स्वर्गवास : 17 फरवरी.’

आज पंधरा तारीख होती.

दूधवाला पातेल्यात दूध ओतायचं विसरून आ वासून उभा होता.

“काय पाहून राहिला?” सुशीलाबाई कडाडल्या. “मेलेल्या बाईले दूध नाही लागत का?”

तो माप घालून पळाला. सुशीलाबाई पातेलं घेऊन वळल्या, आणि मग पातेलं कलंडलं. अर्धं दूध पायरीवर सांडलं.

आवाज ऐकून मुलगा शिशिर बाहेर आला. फ्लेक्स पाहताच त्याचा चेहरा पांढरा पडला. “ये कौन...” म्हणत तो तार ओढायला धावला.

“फाडू नका,” मागून गंधाली म्हणाली.

गंधाली म्हणजे सुशीलाबाईंची सून. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, बाहेरगावचे लोक इथे सोयरिकी जमवायला लागले, तसं या बाईनं लग्नाआधीच्या चौकशांचं एक खोलीभर ऑफिस काढलं होतं. मुलगा पितो का, आधीचं लग्न लपवलंय का, नोकरी खरी का, हे सगळं ती शोधून द्यायची. लोकांच्या घरात नाक खुपसायचा धंदा, असं सुशीलाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. सहा वर्षांत त्यांनी त्या ऑफिसाची पायरी चढली नव्हती.

आज त्या सुनेचं मनगट धरून म्हणाल्या, “मले सांग, हे कोणं केलं. परवाच्या आत सांग. परवा सतरा आहे.”

“सांगते. पण तुम्ही माझ्यासोबत राहायचं. एकट्या नाही.”

“मी कायले एकटी राहू?” सुशीलाबाई म्हणाल्या. मनगट मात्र सोडलं नाही.

*

गुढियारी भागातलं ‘यशवंत आर्ट्स’ हे दुकान यशवंतरावांनी एका स्क्रीन प्रिंटिंगच्या चौकटीवर सुरू केलं होतं. ते गेले, चौकटी माळ्यावर गेल्या आणि संगणक आले. पण दुकान अजून सुशीलाबाईंच्या नावावर होतं. राजधानीत रोज कुणाचा तरी वाढदिवस, कुणाची तरी नेमणूक, कुणाचं तरी स्वागत. फ्लेक्सवाचून कुणाचं पान हलत नव्हतं. डिझाईन इथे व्हायचं, छपाई भनपुरीतल्या छापखान्यांच्या मोठ्या मशिनींवर.

दुकानात काम करणारे तिघं. दिराचा पोरका मुलगा अभिनव फोटोशॉपमध्ये चित्रं करायचा. माऊस नव्हे, पाटीसारख्या टॅब्लेटवर पेन चालवायचा. मीनल कोरल या प्रोग्रॅममध्ये मजकूर बसवायची आणि तयार फाईली भनपुरीला पोचवायची. गंगाधर तीस वर्षं ट्रकवर नि भिंतींवर चेहरे रंगवलेला म्हातारा पेंटर. आता तो संगणकाजवळ बसून दोघांच्या चुका काढायचा. शिशिर बाहेरचं गिऱ्हाईक बघायचा. लॅपटॉपवर जुने नमुने उघडायचे, त्यातलं नाव बदलायचं, फोटो चिकटवायचा आणि गिऱ्हाइकाला दाखवून ऑर्डर आणायची, हे त्याचं काम.

रिक्षात सुशीलाबाई सुनेच्या कानाशी लागल्या.

“तू रविवारी दुर्गला गेली होतीस ना, तवा मी शिशिरले सांगितलं. दुकान अभिनवच्या नावानं करून राहिली मी. घर शिशिरले, दुकान अभिनवले. शुक्रवारी रजिस्ट्री.”

“सतराला.”

“हव. सतराले.”

“अभिनवला सांगितलंत?”

“नाही. कागद हातात देऊनच सांगणार होती. वकिलालेही म्हटलं, कागद तयार ठेव, मी येईन तवा येईन. आपला दिवस आपण कोणाले सांगत नाही.”

गंधाली रस्त्याकडे पाहत राहिली.

शिशिर स्कूटरवर आधीच पोचला होता. त्यानं आईला बाजूला घेतलं.

“आई, त्याला कळलं असणार. वकिलाचा मुन्शी सगळीकडे बोलत फिरतो. सही हुई, उसके बाद तेरी क्या ज़रूरत? म्हणून तीच तारीख. मी सांगून ठेवतो, असं काम या दुकानात एकाच माणसाला येतं.”

सुशीलाबाईंनी काचेतून आत पाहिलं. अभिनव मान खाली घालून पेन चालवत होता. बारा वर्षांचा असल्यापासून त्यांनी त्याला आपल्या ताटातलं दिलं होतं. तो उठला, चहाचा कप भरून आणला. “काकू, घ्या.”

त्यांनी कप घेतला, मोरीशी गेल्या आणि ओतून दिला.

*

गंधालीनं एकेकाला आतल्या खोलीत बोलावलं. फ्लेक्स टेबलावर अंथरला होता. सुशीलाबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. फ्लेक्सकडे पाठ करून.

आधी गंगाधर आला. पाहताच त्यानं कपाळाला हात लावला. “वहिनी! अरे, कोण्या मेल्यानं...” मग तो वाकला, चष्मा सरकवला. “आणि कसलं काढलंय हे? डाव्या पापणीवर उजेड डावीकडून, उजव्या पापणीवर उजवीकडून. दोन सूर्य उगवले का रायपुरात?”

“म्हणजे?”

“चेहऱ्यावर उजेड एकाच बाजूनं येतो, सूनबाई. पोट्टे शिकतात तो पहिला धडा.”

“हे दोन दिवस संध्याकाळी कुठं होतात?”

“घरी. गुडघ्याले तेल लावत होतो. साक्षीदार कोणी नाही, गुडघाच आहे.”

मग मीनल. ती रडायलाच लागली. “काकीजी, मुझे डर लग रहा है. मंगळवारी मी दुकान उघडलं तेव्हा अभिनवदादाच्या स्क्रीनवर हाच फोटो होता. मी घाबरून बंद केला, सांगितलं नाही.”

“नीट बघ,” गंधाली म्हणाली. “तुला काय दिसतं?”

मीनलनं नाक पुसलं. हाराला बोट लावलं. “झेंडू बघा ना. मातकट आलाय. स्क्रीनचे रंग उजेडाचे, छपाईचे शाईचे. फाईल शाईच्या रंगात बदलून मगच द्यायची, नाहीतर मशीन आपल्या मनानं बदलतं नि असा चिखल होतो. मला अशी फाईल दिली असती तर मी परत पाठवली असती.”

“सोमवारी तू भनपुरीला गेली होतीस?”

“रोज जाते. पण साडेपाचलाच घरी गेले.”

ती गेल्यावर सुशीलाबाई पुटपुटल्या, “हिनंच केलं असंन. लई रडून राहिली.”

“रडण्यावरून ठरवलं तर माझं ऑफिस दोन दिवसांत बंद पडेल, आई.”

तिसरा शिशिर. त्याला बोलवावं लागलं नाही, तोच आला.

“अहो, तुम्हाला यात काय दिसतं?” गंधालीनं विचारलं.

“काय दिसायचं? बघवत नाही.” त्यानं तरी पाहिलं. “काम मात्र एक नंबर आहे. कहीं कोई कमी नहीं. डोळे असे मिटलेत की खरेच वाटतात. मीनल-गंगाधरकाकांना जमायचं नाही हे. अभिनवचा कॉम्प्युटर उघडून बघ ना.”

गंधाली उठली. सगळे अभिनवच्या संगणकाभोवती जमले. त्याच्याच फोल्डरमध्ये फाईल सापडली. अभिनवच्या हातातलं पेन खाली पडलं.

“माझी नाही ही. काकू, शपथ.”

“फाईल तर तुझ्याकडे,” शिशिर म्हणाला.

“दुकानातल्या एकाही कॉम्प्युटरला कुलूप नाही, दादा. कोणीही ठेवू शकतं.”

“अभिनव,” गंधाली म्हणाली, “ही तयार कशी केली, ते मला दाखव.”

त्यानं बाजूची यादी उघडली. “हे लेयर. म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. खाली मूळ फोटो, त्यावर हार, त्यावर अक्षरं. प्रत्येकासमोर ही डोळ्याची खूण. ती दाबली की तो कागद दिसेनासा होतो.”

“पापण्यांचा कोणता?”

“‘लेयर दोन’. आणि हा ‘लेयर दोन कॉपी’.” त्यानं दोन्ही खुणा दाबल्या.

पडद्यावरच्या सुशीलाबाईंनी खाडकन डोळे उघडले.

खऱ्या सुशीलाबाईंच्या तोंडून किंकाळी निघाली. त्यांनी पदर तोंडात कोंबला. पडद्यावरून त्या स्वतःकडेच टक लावून पाहत होत्या, गळ्यात हार घालून.

“बंद कर!” त्या ओरडल्या. “बंद कर ते!”

अभिनवनं घाईनं पापण्या परत आणल्या. मग तो थबकला. पडद्याजवळ गेला. त्याच्या चेहऱ्यावरची भीती क्षणभर गेली आणि तिथे नुसता वैताग आला.

“हे काय... काकू, तुमच्या उजव्या पापणीवरची रेघ कुठं आहे?”

“कोणती रेघ?”

“दोन वर्षांपूर्वी रांजणवाडी कापली होती ना डॉक्टरांनी? तिची पांढरी रेघ. डोळा मिटल्यावरच दिसते. तीन आठवडे मीच मलम लावत होतो.”

सुशीलाबाईंना आठवलं मलम, आठवली त्याची हलकी बोटं. रेघ मात्र त्यांनी कधी पाहिली नव्हती. आपली मिटलेली पापणी आपल्याला दिसणार कशी?

“अभिनव, शुक्रवारी तू कुठं आहेस?” गंधालीनं सहज विचारलं.

“काकूंनी मोकळा ठेवायला सांगितलाय.” तो कसनुसा हसला. “स्वच्छ शर्ट घाल म्हणाल्या. मला वाटलं, पोरगी दाखवायला नेतात.”

शिशिर मोठ्यानं म्हणाला, “क्या ऐक्टिंग है.”

*

दुपारी गंधाली सासूला घेऊन भनपुरीला गेली. धूळ, ट्रक, टायरच्या वासात तीन छपाईखाने पालथे घातल्यावर तिसऱ्यात मशीनवाल्याला काम आठवलं.

“सोमवार शाम. एक आदमी सीडी दे गया. हेल्मेट नहीं उतारा. नाम बोला, अभिनव.”

“दिसायला कसा?”

“हेल्मेट जैसा,” तो म्हणाला. “मैंने पूछा, फाइल स्क्रीन के कलर में है, बदल दूँ? बोला, जैसी है वैसी छापो.”

“अभिनवच!” परतताना सुशीलाबाई म्हणाल्या. “नावही सांगितलं त्यानं.”

“लपायचं असतं तर हेल्मेट घालून स्वतःचं नाव कुणी सांगतं का, आई?”

“मग कोण? मीनलचा कोणी असंन. नाहीतर गंगाधर. त्याच्या गुडघ्याचं मले पहिल्यापासून खरं वाटत नाही.”

गंधाली हसली नाही. तिचा चेहरा सकाळपासून उतरत चालला होता. सुशीलाबाईंनी ते पाहिलं. सून घाबरली होती. जिला कुणाच्या दारात उभं राहायला लाज वाटत नव्हती, ती.

“तुले समजलं,” त्या म्हणाल्या. “काहून सांगत नाहीस?”

“उद्या संध्याकाळी सांगते. अजून एकदा विचारून पाहायचंय.”

“कोणाले?”



*

गुरुवारी सुशीलाबाईंनी कुणाच्याही हातचं न खाता स्वतः केलेल्या दोन पोळ्यांवर दिवस काढला. संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून गंधालीनं सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. फ्लेक्स मधोमध.

“एकच प्रश्न आहे,” ती म्हणाली. “या कामात काय चुकलंय? अहो, आधी तुम्ही सांगा.”

शिशिर वैतागला. “परत तेच? काल सांगितलं ना. कुछ भी गलत नहीं है. ज्यानं केलंय, त्याला काम येतं.”

“नीट बघा. घाई नाही.”

त्यानं पाहिलं. गंधाली त्याच्या तोंडाकडे पाहत होती. श्वाससुद्धा घेत नव्हती, असं सुशीलाबाईंना वाटलं.

“नाही,” शिशिर म्हणाला. “एकही चूक नाही.”

गंधालीनं डोळे मिटून उघडले.

“गंगाधरकाकांना चूक दिसली,” ती बोलू लागली. आवाज अगदी सपाट होता. “उजेड दोन बाजूंनी आहे. कारण एक पापणी काढली, तिची नक्कल केली आणि उलटी करून दुसऱ्या डोळ्यावर ठेवली. ‘लेयर दोन’ आणि ‘लेयर दोन कॉपी’. ज्याला चित्र काढता येतं, त्याला हे टोचतं. म्हणून गंगाधरकाका नाहीत, अभिनव नाही.

“मीनलला दुसरी चूक दिसली. रंग बदलले नाहीत. छापखान्यानं विचारलं, बदलू का? त्या माणसाला प्रश्नच कळला नाही. ज्यानं कधी छपाईची फाईल तयार केली असेल, त्याला तो कळला असता. म्हणून मीनल नाही, आणि इतर दोघंही नाहीत.

“अभिनवला तिसरी चूक दिसली. आईंच्या पापणीवरची रेघ. तीन आठवडे ज्यानं तिथं मलम लावलं, त्याचा हात ती विसरणार नाही.”

“मुद्दाम चुका केल्या असतील,” शिशिर म्हणाला. “आपल्यावर यायला नको म्हणून.”

“स्वतःला वाचवायचं असतं तर आपल्याला सोडवेल अशी एक चूक ठेवली असती. इथं तिघांच्याही चुका एकाच चित्रात आहेत. म्हणजे करणाऱ्याला तिन्ही ठाऊक नाहीत. त्यानं हे काम शेजारी बसून पाहिलंय, स्वतः केलेलं नाही. नमुना उघडायचा, फोटो चिकटवायचा, नाव बदलायचं, एवढंच त्याला येतं. आणि पडद्यावर छान दिसलं की त्याचं काम झालं.”

मीनलनं शिशिरकडे पाहिलं आणि पटकन नजर खाली घातली.

सुशीलाबाईंना कळलं. कळलं आणि त्यांनी ते ढकलून दिलं.

“पण तारीख?” त्या घाईघाईनं म्हणाल्या. “सतरा तारीख त्याले... त्याले कशी...”

“तुम्हीच मला सांगितलं, आई. वकिलाला दिवस दिला नव्हता. मग मुन्शी काय बोलत फिरणार? अभिनवला वाटतं, त्याला पोरगी दाखवायला नेणार. शुक्रवारी रजिस्ट्री आहे, हे एकाच माणसाला माहीत होतं. रविवारी कळलं, सोमवारी फ्लेक्स छापायला गेला. आणि मारणारा कधी आधी फ्लेक्स छापतो का? ज्यानं हा छापला, त्याला तुम्ही मरायला नको होतात. घाबरायला हव्या होतात, आणि तेही अभिनवला. म्हणजे सही झाली नसती.”

“बकवास,” शिशिर म्हणाला. पण उठला नाही. “तू माझी बायको आहेस.”

“म्हणून दोनदा विचारलं,” गंधाली म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. “काल विचारलं, आज विचारलं. दोन्ही वेळा देवाला म्हणत होते, यांना एक तरी चूक दिसू दे. तुमच्या स्कूटरच्या डिक्कीत तारेचं भेंडोळं आहे. फाटकावरचीच तार. काल सकाळीच पाहिलं होतं. तरी विचारलं.”

शिशिरनं टेबलावर दोन्ही हात ठेवले.

“दुकान बाबांचं आहे,” तो शेवटी म्हणाला. “मुलगा मी आहे. वीस वर्षं गिऱ्हाइकांच्या पाया पडलो मी, आणि नाव त्याचं लागणार? आई, तुला काही करणार नव्हतो. शपथ. नुसतं थोडं घाबरवायचं होतं.”

“थोडं,” सुशीलाबाई म्हणाल्या.

त्यांना वाटलं होतं, नाव कळलं की भीती जाईल. ती गेली नाही. फक्त जागा बदलून बसली. दोन दिवस त्यांना वाटत होतं, कुणीतरी आपल्या जिवावर उठलंय. आता समजत होतं की पोटच्या पोरानं रात्री बसून आपल्याच आईच्या डोळ्यांवर पापण्या ओढल्या, त्या नीट बसल्या का ते लांबून पाहिलं, गळ्यात हार घातला, आणि त्याचा हात कापला नाही.

“दोन दिवस मी या पोट्ट्याच्या हातचा चहा मोरीत ओतला,” त्या अभिनवकडे न पाहता म्हणाल्या. “हे तुह्यामुळं झालं, शिशिर. बाकीचं मी गिळीन. हे नाही गिळत.”

अभिनव उठून त्यांच्यामागे उभा राहिला. त्यानं नुसता त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“पोलिसांत द्यायचं का, वहिनी?” गंगाधरनं हळूच विचारलं.

“पोलीस कायले? माह्या घरात न्याय करायले मी मेली नाही अजून.” त्या सुनेकडे वळल्या. “उद्या रजिस्ट्रीले साक्षीदार दोन लागतात. एक गंगाधर. दुसरी तू.”

“मी? नवऱ्याच्या विरुद्ध?”

“नवऱ्याच्या विरुद्ध नाही. सासूच्या बाजूनं.” त्या पुढं म्हणाल्या, “आणि आता कोणी विचारलं, सून काय करते, तर मी छाती ठोकून सांगीन.”

गंधालीनं पदरानं डोळे पुसले. मीनलनं फ्लेक्सची गुंडाळी केली आणि कुठं ठेवावी ते न समजून तशीच हातात धरून उभी राहिली.

सगळे निघाले. शिशिर अजून खुर्चीवरच होता. तो चाळीस वर्षांचा होता, पण त्यानं विचारलं ते दहा वर्षांच्या आवाजात.

“आई, मी घरी येऊ ना?”

एका घरात, एका भिंतीपलीकडे हा झोपणार. आपण डोळे मिटणार कसे, हे सुशीलाबाईंना त्या क्षणी खरंच माहीत नव्हतं. त्यांनी शटरची कड घट्ट धरली.

“ये,” त्या म्हणाल्या. “जेवायलेही बस. वाढीन मीच. पण मी समोर बसली असताना मान वर करून घास घेऊन दाखव.”

शिशिरनं मान हलवली. वर केली नाही.